पाचवा रुक्न

फळ्यावर मराठी डावीकडून चालत येते आणि उर्दू उजवीकडून. दोन्ही एकाच ओळीत लिहायचे ठरवले तर मध्ये कुठे तरी त्यांची गाठ पडते, आणि अंदाज चुकला तर टक्कर होते. आमचा अंदाज पहिले वर्षभर रोज चुकला. डावीकडे 'उपमा' लिहावे, उजवीकडे 'तशबीह' लिहावे, आणि व्याख्या सुरू केल्या की दोन्हींचे शेवटचे शब्द एकमेकांच्या अंगावर चढलेले. मुले हसायची. मग आम्ही डस्टर घेऊन आधी कोणाला पुसावे या विचारात उभे राहायचो. साधारणपणे मराठीच पुसली जायची, कारण उर्दू आमच्या हाताला सरावाची.

आम्ही सोलापुरातल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिकवतो. (स्वतःला 'आम्ही' म्हणण्यात तोरा नाही. वर्गात दिवसभर 'हम' म्हणून तोंडाला तेच वळण लागले आहे. मराठी लिहायला बसलो तरी ते सुटत नाही.) आमची नेमणूक उर्दूसाठी. पण मराठीचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि एका जूनमध्ये वेळापत्रक पाहिले तर नववीची मराठी आमच्या नावापुढे मांडलेली. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही बी.एड. मराठी कॉलेजातून केलंय ना, मग झालं तर."

केले होते, ही गोष्ट खरी. पण दहावीला आम्हाला मराठीत शंभरापैकी अडतीस गुण होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या वेळी उर्दू शाळेत मराठी म्हणजे पास होण्यापुरती गोष्ट होती. निबंध पाठ, पत्र पाठ, अलंकार पाठ. 'उपमेय हे उपमानासारखे आहे असे जेथे वर्णन असते तेथे...' हे आम्ही असे घोकले होते की आजही झोपेतून उठवले तर म्हणू. उपमेय म्हणजे काय, हे मात्र त्या वेळी कोणी विचारले असते तर गप्प बसलो असतो. बी.एड.च्या सराव पाठात आमचा पहिला मराठी पाठ झाला तेव्हा निरीक्षकांनी वहीत शेरा लिहिला होता, 'विषयज्ञान बरे. लिंगविचाराकडे लक्ष द्यावे.' आम्ही 'माझा कविता' म्हणालो होतो.

असा माणूस अलंकार शिकवायला उभा राहिला. पण एक सोय होती. जे मराठीत पाठ केले होते ते सगळे उर्दूत आम्ही खरोखर शिकलो होतो, आणि मुलेही उर्दूच्या तासाला तेच शिकत होती. मग दोन्ही एकदमच का शिकवू नये? फळ्यावरच्या त्या टकरीची सुरुवात अशी झाली.

प्रथम आम्ही शब्दांची गाठोडी सोडायला लागलो. मुलांना वाटते, 'रदीफ', 'काफिया' हे परीक्षेत येणारे अवघड शब्द. कोणी सांगत नाही की हे शब्द वाळवंटातल्या माणसांच्या रोजच्या वापरातून उचललेले आहेत. अरबीत बैत म्हणजे घर, तंबू. कवितेच्या दोन ओळींचे मिळून एक बैत. मिसरा म्हणजे दोन फळ्यांच्या दारातली एक फळी, म्हणून एकटा मिसरा अर्धाच. दुसरी फळी लागल्याशिवाय दार बंद होत नाही. छंदाच्या मोजमापात जे लहान तुकडे येतात त्यांची नावे सबब आणि वतद, म्हणजे तंबूची दोरी आणि खुंटी. मतला म्हणजे सूर्य उगवायची जागा. मक्ता म्हणजे जिथे कापले जाते ती जागा. आणि रदीफ म्हणजे एकाच जनावरावर मागे बसलेला स्वार. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरून एक मुलगा ओरडला, "सर, डबलसीट!"

तेव्हापासून आमच्या वर्गात तेच चालते. गाडी चालवतो तो काफिया, मागे बसतो ती रदीफ. प्रत्येक शेरात चालवणारा बदलतो, मागचा तोच राहतो. नियम म्हणून सांगितले असते तर आठवडा गेला असता. मुलांनी त्याच तासाला एक मतला जोडला:

नळाला आज पाणी आले नाही
घरी कोणीच अजुनी न्हाले नाही

आले-न्हाले काफिया, नाही ही रदीफ. दुसऱ्या ओळीत 'अजुनी' का घेतले, 'अजून' का नाही, यावरून बाकांवर बोटे आपटून मात्रा मोजण्यात घंटा झाली. गझल मोठी होणार नव्हती, पण न्हाण्याची तक्रार खरी होती. आमच्या भागात पाण्याचा दिवस ठरलेला असतो आणि पाणी तो दिवस पाळतेच असे नाही.

बहर समजावताना मात्र आमची पंचाईत झाली. मराठीत बहर झाडाला येतो. उर्दूतली बह्र म्हणजे समुद्र. छंदाला समुद्र म्हणणारी माणसे वेगळीच. आठव्या शतकात बसऱ्याच्या खलील बिन अहमद यांनी अरबी कवितेचे छंदशास्त्र बांधले आणि पंधरा बहर मांडल्या. सोळावी पुढे अखफशने जोडली, असे मानतात. कथा अशी सांगतात की तांबटांच्या आळीतून जाताना हातोड्यांचे ठोके ऐकून खलीलना लय मोजायचे सुचले. कथा खरी असो वा नसो, आमच्या मुलांना ती लगेच पटली. त्यांना तांबट पाहायला नकोत. शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. खिडकी उघडी ठेवली की टॉवेल विणणाऱ्या मागांचा खडखडाट थेट वर्गात. मुलांनी बाकावर तो ठेका धरून दाखवला आणि विचारले, "सर, ही कोणती बह्र?" आम्हाला सांगता आले नाही. पण ठेका पक्का होता, एकही ठोका चुकत नव्हता.

आमचे एक सहकारी या सगळ्यावर नाराज होते. त्यांचे म्हणणे, मराठीच्या तासाला उर्दू आणली तर मराठी कशी येणार? दुसरे एक बुजुर्ग म्हणाले, मराठी आणून उर्दू बिघडवू नका. हा वाद आपल्या लोकांत जुना आहे आणि सभागृहात करायला बराही आहे. वर्गात मात्र तो टिकत नाही. आमची मुले घरी जी दखनी बोलतात त्यात 'नक्को' आहे, 'आजच'मधला 'च' आहे. ते मराठीतून घेताना त्यांच्या पणज्यांनी कोणाला विचारले नव्हते. इकडे माधव ज्युलियन फारसीचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' दिला आणि १९३३ मध्ये 'गज्जलांजली'. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली तेव्हा मतला, काफिया, रदीफ, अलामत हे शब्द घेतले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' मराठी ओवीत आहे आणि त्याच्या नावातच रूपक आहे. एवढे फळ्यावर लिहिले की आम्ही गप्प बसतो. मुलांना कळायचे ते कळते.

जुळवाजुळव करताना सगळेच जुळत नाही, हेही आम्हाला तेव्हाच कळले. आमच्याकडे सर्रास रूपक म्हणजे इस्तिआरा असे लिहून देतात. आम्हीही दिले होते. पण रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही समोर असतात, दोघे एकच आहेत असे म्हणतात इतकेच. 'अब्बा म्हणजे वडाचे झाड' यात अब्बाही आहेत आणि वडही. उर्दू शास्त्रात ही तशबीहच राहते, फक्त 'सारखे' हा शब्द आणि साधारण धर्म गाळलेली. तिला तशबीह-ए-बलीग म्हणतात. इस्तिआऱ्यात अब्बा वाक्यातून निघूनच जातात. 'आमच्या घरावरचा वड गेल्या साली पडला' एवढेच म्हणायचे, आणि ऐकणाऱ्याने समजायचे. इस्तिआरा या शब्दाचा अर्थच उसने मागणे. शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा झाडाचा शब्द माणसासाठी आणायचा. हे सांगताना आमच्या लक्षात आले की वर्गात तीन मुले अशी होती ज्यांच्या घरावरचे वड खरेच पडलेले होते. पुढच्या वर्षापासून आम्ही उदाहरण बदलले.

मुबालग्याचा तास सगळ्यांत मजेचा. मराठी पुस्तकात अतिशयोक्ती एकच. उर्दूत तिच्या तीन पायऱ्या. जे अक्कलही मान्य करते आणि रोजचा अनुभवही, ती तबलीग. अक्कल मानेल पण सहसा घडत नाही, तो इग्राक. आणि दोन्ही मानत नाहीत, तो गुलू. "अम्मी दिवसभर ओरडत होती", "अम्मी आठ दिवस न थांबता ओरडत होती", "अम्मीच्या ओरडण्याने चंद्र खाली पडला", अशी मुलांनीच चढण लावली. हुस्न-ए-तालीलही त्यांना येतेच. म्हणजे खरे कारण सोडून गोड कारण देणे. उशिरा येणाऱ्यांकडून आम्ही ते दाराशीच वसूल करतो.

आता तशबीहकडे येतो, कारण लिहायला बसलो ते तिच्यासाठी.

मराठीत उपमेचे चार भाग: उपमेय, उपमान, साधारण धर्म, साम्यवाचक शब्द. उर्दूत तशबीहचे अरकान म्हणजे खांब पाच सांगतात: मुशब्बा, मुशब्बा बिही, वज्ह-ए-शबह, हर्फ-ए-तशबीह, हे चार मराठीशी एकास एक जुळतात. पाचवा गरज-ए-तशबीह. तशबीह दिली ती कशासाठी? हालत सांगायला, प्रमाण सांगायला, सुंदर दाखवायला की कुरूप दाखवायला? अरबीत गरज म्हणजे हेतू. तोच शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ 'निकड' झाला. फळ्यावर चार ओळी समोरासमोर बसायच्या आणि पाचव्या ओळीला डावीकडे जागा रिकामी राहायची. मराठीच्या पेपरात त्यावर प्रश्न येत नाही. म्हणून मराठीच्या तासाला आम्ही तो खांब गाळायचो. "हे उर्दूच्या वहीत लिहा, इथे नको," असे स्वतःच्या तोंडाने सांगायचो.

२०१८ च्या दिवाळीआधी नववीची सहामाही झाली. पेपर आम्हीच काढलेला. दोन गुणांचा प्रश्न होता: उपमा अलंकाराचे एक उदाहरण द्या व त्याचे चार भाग लिहा. चाळीस-बेचाळीस मुलांनी पुस्तकातले उदाहरण लिहिले, कोणाच्या मुखाला कमळ, कोणाला चंद्र. एका मुलीने लिहिले:

'अम्मीची खोकला मागासारखी आहे. उपमेय - खोकला. उपमान - माग. साम्यवाचक शब्द - सारखी. साधारण धर्म - रात्री पण चालू.'

आम्ही लाल पेनाने 'ची'भोवती गोल केला. उर्दूत खांसी स्त्रीलिंगी, म्हणून मराठीतला खोकला तिने बाई करून टाकला होता. ही चूक आमच्या ओळखीची, वीस वर्षांपूर्वीची आमचीच. त्यामुळे जरा जोरातच गोल केला. मग समासात लिहिले, 'उपमेत सौंदर्य हवे. पुस्तकातील उदाहरण लिहावे.' आणि दोनपैकी एक गुण दिला. चारही भाग बरोबर होते. तो एक गुण कशाचा कापला, हे आम्हाला आज कोणी विचारले तर सांगता येणार नाही. गठ्ठा मोठा होता, दुसऱ्या दिवशी गुण भरायचे होते, हे खरे आहे. पण ते उत्तर नव्हे.

पेपर वाटले तेव्हा तिने तो उघडला, वाचला, घडी करून दप्तरात ठेवला. कमी गुण मिळालेली मुले टेबलाशी येऊन हुज्जत घालतात. ती आली नाही. तशी ती बोलणारी नव्हतीच.

सुट्टी संपली आणि ती शाळेत दिसेना. नोव्हेंबर गेला. डिसेंबरात गैरहजर मुलांची यादी निघाली, वाटून दिली गेली, आणि तिचे नाव आमच्या वाट्याला आले. एका शुक्रवारी जुम्म्यानंतर आम्ही पत्ता विचारत गेलो. एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, आणि भिंतीला भिंत लागून मागांचा कारखाना. दार वाजवलेले आत ऐकू जाईना. मुलगी पडवीत बसून कांड्या भरत होती. आम्हाला पाहून उठली, दुपट्टा सावरला, आत गेली. आत तिची आई भिंतीला टेकून बसलेली. आम्ही सलाम केला. तिने उत्तर द्यायला तोंड उघडले आणि खोकला सुरू झाला.

आम्ही उभे होतो आणि ऐकत होतो. ठेका होता, एकही ठोका चुकत नव्हता. कारखान्यातला माग आणि ती, कोणता आवाज कोणाचा हे काही वेळ कळेना.

खोकला ओसरल्यावर तिने पाणी घेतले आणि अगदी साधेपणाने, तक्रार म्हणून नव्हे, विचारले, "पेपर में लिखी बोलको बोली थी सर. तुमे पढ़े नै?"

आम्ही म्हणालो, "पढ़ा." पुढे काय बोलायचे ते सुचले नाही. मुलगी दाराशी उभी होती, ती खाली पाहत होती.

मग विचारपूस केली. खोकला पावसाळ्यापासून. रात्री ताप, सकाळी घाम. दुकानातून बाटली आणून पीत होती. वजन उतरले आहे हे पाहूनच कळत होते. सगळ्यांना वाटत होते की कापसाची धूळ जाते नाकातोंडात, मागाजवळ राहणाऱ्यांना होतेच. आम्ही घरी न जाता शाळेत परत आलो, का ते माहीत नाही. शिक्षकांच्या खोलीबाहेर भिंतीवर आरोग्य खात्याचे पोस्टर आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असल्यास थुंकी तपासून घ्या, असे त्यावर मराठीत लिहिलेले. मुलांना वाचन सरावासाठी आम्ही ते मोठ्याने वाचायला लावायचो. 'थुंकी' शब्दाला मुले हसतात म्हणून दोनदा वाचायला लावायचो.

सोमवारी सरकारी दवाखान्यात थुंकी दिली. क्षयच निघाला. गोळ्या फुकट मिळतात, सहा महिने एकही दिवस न चुकवता घ्याव्या लागतात. डॉक्टरबाईंनी हे नीट, सावकाश, दोनदा सांगितले. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. मुलगी त्यातून सुटली. अल्लाचे शुक्र. पण आईचे काम थांबले म्हणून कांड्यांचे काम तिच्याकडे आले आणि ते मार्चपर्यंत तिच्याकडेच राहिले. परीक्षेपुरती ती शाळेत आली. आईच्या गोळ्या पुढच्या जूनमध्ये पूर्ण झाल्या. अजून दम लागतो, पण रात्री झोपते असे ऐकले.

त्या दोन महिन्यांचा हिशेब आम्ही मांडतो. दिवाळीआधी पेपर तपासला ती रात्र, आणि डिसेंबरातला तो शुक्रवार. आम्ही भाग तपासले होते. उपमेय, उपमान, धर्म, शब्द, चारही जागच्या जागी. पाचवा खांब मराठीच्या तासाला गाळायचा असतो, असे आम्हीच सांगितले होते. तिने मात्र तो वाक्यात ठेवलेला होता, आणि मराठीतल्या अर्थाने ठेवला होता.

आता नववीला हा धडा घेताना आम्ही डावीकडच्या रिकाम्या जागेत 'गरज' लिहितो. शब्द तोच असल्याने दोन्ही बाजूंना एकच दिसतो, लिपी तेवढी वेगळी. घरचे एक उदाहरण सगळ्यांनी लिहून आणायचे, असेही सांगतो. बहुतेक वेळा त्यात काही नसते. मांजर, क्रिकेट, बिर्याणी. आम्ही वाचतो.

तिचा तो गुण वाढवायला आम्ही गेलो होतो. गुणतक्ता जमा झाला होता, एका गुणासाठी तो उघडायचा नाही असे ठरले. बरोबरच होते ते. तिला त्या गुणाचे काय करायचे होते? दहावीची पूर्वपरीक्षा २०२० च्या जानेवारीत झाली. मराठीचा पेपर आम्हीच काढला आणि उपमेचा प्रश्न मुद्दाम ठेवला. तिचा पेपर गठ्ठ्यातून आधी काढून वाचला. लिंगाची एकही चूक नव्हती. उदाहरण म्हणून तिने पुस्तकातले लिहिले होते, मुखाला कमळ. चारही भाग बरोबर. पूर्ण गुण दिले.